गोठा, दवाखाना आणि नदी

दिवाळीची सुरुवात आपल्याकडे गोठ्यापासून होते. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा, दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशीला धन्वंतरीचे स्मरण आणि मग नरकचतुर्दशीला पहाटेचे अभ्यंगस्नान. आधी जनावर, मग औषध, मग पाणी. हा क्रम लावणाऱ्यांच्या मनात जंतुशास्त्र होते, असे म्हणण्याचे धाडस कोणी शहाणा माणूस करणार नाही. जुन्या रूढींतून आधुनिक शास्त्र उकरून काढण्याचा छंद पुष्कळांना असतो. त्यात भर घालण्याचा येथे हेतू नाही. परंतु जनावर, औषध आणि पाणी ह्या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हे उमगायला वैद्यकाला विसाव्या शतकाचा जवळजवळ सबंध उत्तरार्ध खर्ची घालावा लागला. आणि ते उमगेपर्यंत त्याच्या हातातली सर्वांत मोलाची शस्त्रे बोथट होऊ लागली होती. त्या उशिरा आलेल्या शहाणपणाची ही हकीकत आहे.

प्रतिजैविके म्हणजे काय, हे आज घरोघर ठाऊक आहे. डॉक्टर ज्यांना अँटिबायॉटिक म्हणतात आणि ज्यांच्या एकदोन उरलेल्या कॅप्सूल बहुतेक घरांच्या कपाटात सापडतात, तीच ही औषधे. त्यांतले पहिले गाजलेले औषध पेनिसिलीन. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्या आसपासचे जंतू नाहीसे झाले, ही कथा आपण सर्वांनी शाळेत वाचलेली असते. फ्लेमिंग ह्यांनी स्वतः सांगितलेली दुसरी एक कथा मात्र फारशी कोणाच्या वाचनात येत नाही. ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने त्यांनी स्टॉकहोमला जे व्याख्यान दिले, त्याच्या अखेरीस ती आहे.

एक गृहस्थ असतात. त्यांचा घसा दुखू लागतो. आपल्या मनानेच ते पेनिसिलीन विकत आणतात आणि घेतात. पण इतके थोडे घेतात, की जंतू मरत तर नाहीतच, उलट त्या औषधाला तोंड द्यायला तयार होतात. तेच जंतू पुढे त्यांच्या पत्नीला लागतात. तिला न्यूमोनिया होतो. डॉक्टर पेनिसिलीन देतात, पण ते लागू पडत नाही आणि ती बाई दगावते. तिच्या मृत्यूला मूळ जबाबदार कोण, असा प्रश्न करून फ्लेमिंग ह्यांनी त्या पतिराजांकडे बोट दाखवले आणि पेनिसिलीन घ्यायचे तर पुरेसे घ्या, असा उपदेश केला.

गोष्ट कल्पित होती, तरी इशारा खरा होता. मात्र तिच्यातले कुटुंब लहान होते. त्यात माणसे दोनच: नवरा आणि बायको. हे कुटुंब प्रत्यक्षात केवढे विस्तारलेले आहे, त्यात कोंबडी आहे, वासरू आहे, डुक्कर आहे, गावाची नदीदेखील आहे, हे पुढच्या ऐंशी वर्षांत एकेक करून कळत गेले.

एका दृष्टीने पाहिले तर शत्रूने आपली तयारी औषधाच्या आधीच करून ठेवली होती. १९४० च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्नस्ट चेन ह्या दोघांनी असे प्रसिद्ध केले, की काही जंतूंच्या अंगी पेनिसिलीनचे तुकडे करून ते निकामी करणारे द्रव्य असते. त्या वेळी ऑक्सफर्डला पेनिसिलीनने एकही रोगी बरा करण्याचा प्रयत्न झालेला नव्हता. तो झाला पुढच्या फेब्रुवारीत. ऑक्सफर्डचा एक पोलीस शिपाई तोंडावरच्या जखमेतून अंगभर पसरलेल्या जंतुदोषाने मरणपंथाला लागला होता. त्याला पेनिसिलीन टोचताच तो झपाट्याने सुधारू लागला. पण औषध होतेच किती? ते संपत आले, तेव्हा त्या रोग्याची लघवी साठवून, सायकलीवरून प्रयोगशाळेत नेऊन, तिच्यात उतरलेले पेनिसिलीन पुन्हा काढण्यात आले आणि तेच त्याला परत टोचण्यात आले. तेही संपले. मार्च महिन्यात तो शिपाई वारला. वाचकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. १९४१ साली हे औषध इतके मोलाचे होते, की ते रोग्याच्या लघवीतूनही वाया जाऊ दिले जात नव्हते. आज ते कोठे कोठे वाहून जाते, ते पुढे येईलच.

युद्ध संपता संपता पेनिसिलीन मुबलक झाले आणि लगेच पारडे फिरू लागले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर ह्या विदुषी गळवे आणि जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंचा हिशेब ठेवत होत्या. पेनिसिलीनला दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण १९४६ साली शेकडा १४ होते. पुढच्या वर्षी ते ३८ झाले आणि १९४८ मध्ये ५९. अवघ्या दोन वर्षांत घराचा पाहुणा मालक होऊन बसला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जंतू काही शाळेत जाऊन शिकत नाहीत. कोट्यवधी जंतूंच्या गर्दीत एखाद्याच्या अंगी औषध पचवण्याची युक्ती आधीपासूनच असते, किंवा अपघाताने येते. औषध आले, की बाकीचे मरतात आणि तो एकटा उरतो. रिकाम्या झालेल्या जागेत मग त्याचीच प्रजा वाढते. औषध हे त्या अर्थाने चाळणीसारखे काम करते. जितक्या वेळा चाळाल, तितके गणंगच वर उरतील. आणि ही युक्ती फार पुरातन आहे. पेनिसिलीन ही बुरशीची करणी. स्ट्रेप्टोमायसिनसारखी पुष्कळ औषधे मातीतल्या सूक्ष्म जीवांची. त्यांची आपसांतली झुंज मनुष्यजातीहून कितीतरी जुनी. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीत प्रतिजैविकांना निष्प्रभ करणारी जनुके सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे माणसाने ही विद्या निर्माण केली नाही. त्याने फक्त चाळण जोरजोराने हलवली.

हे पेनिसिलीन आपल्या दारी आले ते पुण्याजवळ पिंपरीला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने भारत सरकारने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही संस्था तेथे स्थापन केली आणि १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. सरकारी मालकीचा तो देशातला पहिलाच औषधांचा कारखाना. परदेशातून येणाऱ्या बाटल्यांवर ज्या देशाने वर्षे काढली, त्याला आपल्या घरचे पेनिसिलीन मिळाले, ह्याचा अभिमान त्या पिढीला वाटला आणि तो रास्तच होता. तेथल्या संशोधनशाळेत एम. जे. तिरुमलाचार ह्यांनी पिंपरीच्याच मातीतून एक सूक्ष्म जीव वेगळा केला. त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीच्या रोगांवरचे औषध मिळाले आणि त्या जीवाला शास्त्रीय नाव दिले गेले ते गावावरूनच: ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. आपल्या पायाखालच्या मातीतच औषध होते, ही गोष्ट खरी. त्या औषधाला पुरून उरणारी विद्याही त्याच मातीत होती, हेही तितकेच खरे.

* * *

आता गोष्टीतल्या कुटुंबात कोंबडी कशी शिरली, ते पाहू.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावी लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघे शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या पिल्लांसाठी स्वस्त जीवनसत्त्व शोधत होते. त्याच कंपनीत ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार होई. ते काढून घेतल्यावर जो चोथा उरे, तो त्यांनी पिल्लांच्या खाद्यात मिसळून पाहिला. पिल्ले अपेक्षेपेक्षा फारच लवकर वाढली. हा गुण जीवनसत्त्वाचा नसून चोथ्यात राहिलेल्या किंचित औषधाचा, असे ध्यानात आले आणि १९५० साली ही बातमी जाहीर झाली. शेतकऱ्याला आणखी काय हवे? त्याच दाण्यात अधिक मांस. थोड्याच वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात कोंबड्या, डुकरे आणि वासरे ह्यांच्या रोजच्या खाद्यात प्रतिजैविकाची चिमूट पडू लागली. जनावर आजारी नाही, त्याला ताप नाही, तरी त्याला औषध. आणि तेही इतके थोडे, की जंतू मरू नयेत, नुसते चाळले जावेत. फ्लेमिंग ह्यांच्या गोष्टीतले पतिराज जी चूक एकदा करतात, ती आता लाखो प्राण्यांच्या बाबतीत रोज दोन वेळा, हिशेबाने, होऊ लागली.

त्या काळी ह्यात धोका कोणाला फारसा वाटला नाही, ह्याला कारण होते. कोंबडीचे जंतू कोंबडीजवळ आणि माणसाचे माणसाजवळ, अशी समजूत होती. दाद न देण्याचा गुण बापाकडून मुलाकडे जावा तसा एका जंतूकडून त्याच्या वंशजांकडेच जातो, शेजाऱ्याकडे जात नाही, असे मानले जाई. ही समजूत मोडली जपानमध्ये.

युद्धानंतर जपानात रक्तीहगवणीची साथ मोठी होती. सल्फा औषधे निकामी झाली, तेव्हा नवीन प्रतिजैविके आली. १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका जपानी स्त्रीच्या हटवादी हगवणीत जे जंतू सापडले, ते एक नव्हे, चार औषधांना एकाच वेळी दाद देत नव्हते. पुढे असे रोगी वाढत गेले. चमत्कार असा, की ज्याला एकच औषध दिले होते, त्याच्याही पोटातले जंतू चारही औषधांना तयार असत. अपघाताने एक युक्ती साधेल. चार एकदम कशा साधतील? १९५९ साली ओचिआई आणि आकिबा ह्यांनी, वेगवेगळ्या ठिकाणी काम करत असताना, ह्याचे उत्तर दिले. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारे कोलाय जंतू आणि हगवणीचे जंतू एकत्र ठेवले, तर पहिल्यांचा गुण दुसऱ्यांत उतरतो. त्सुतोमू वातानाबे ह्यांनी १९६३ साली हे सर्व संशोधन इंग्रजीत एकत्र मांडले आणि जगाचे डोळे उघडले.

गृहिणींना हे समजायला कठीण नाही. चकलीच्या भाजणीचे उत्तम प्रमाण आईकडून मुलीकडे जाते, हे खरे. पण ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून शेजारणीलाही देता येते; शेजारीण नात्याची असावी लागत नाही, जातीची असावी लागत नाही. जंतूंच्या पोटात अशाच चिठ्ठ्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना प्लास्मिड म्हणतात. वंशाच्या मुख्य पोथीपासून वेगळे असे ते जनुकांचे लहानसे कडे असते आणि ते एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे सहज जाते. एका चिठ्ठीवर चार पाककृती लिहिलेल्या असाव्यात, तशा चार औषधांवरच्या युक्त्या एकाच कड्यावर असू शकतात. मग कोणतेही एक औषध दिले, तरी ती चिठ्ठी बाळगणारा जंतू उरतो आणि बाकीच्या तीन युक्त्या त्याच्याबरोबर फुकटात राहतात.

एकदा हे कळल्यावर गोठा आणि दवाखाना ह्यांमधली भिंत उभी राहणे शक्यच नव्हते. इंग्लंडमध्ये ई. एस. अँडरसन हे जंतुशास्त्रज्ञ साल्मोनेला ह्या पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा माग काढत होते. १९६० नंतरच्या वर्षांत गर्दीने वाढवल्या जाणाऱ्या वासरांत, अनेक औषधांना न जुमानणारा एक प्रकार पसरला आणि तोच माणसांतही आढळू लागला, असे त्यांनी दाखवून दिले. पुष्कळ वादंग झाले. अखेर सरकारने मायकेल स्वान ह्या प्राणिशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९६९ च्या अहवालाने सांगितले, की माणसांच्या उपचारासाठी जी प्रतिजैविके लागतात, ती जनावरांना नुसते वजन वाढवण्यासाठी खाऊ घालू नयेत.

तरी शंकेखोरांचे समाधान झाले नाही. जनावरांच्या पोटात जे घडते, ते माणसांच्या पोटात खरोखरच येते का? बोस्टनच्या स्टुअर्ट लेव्ही ह्यांनी १९७६ साली आपल्या प्रयोगाने ह्याचे उत्तर दिले. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहानशा शेतावर ३०० पिल्ले वाढवण्यात आली. निम्म्यांना साधे खाद्य, निम्म्यांना टेट्रासायक्लिन जातीचे औषध मिसळलेले. औषध खाणाऱ्या पिल्लांच्या आतड्यातले जवळजवळ सारे जंतू आठवड्याच्या आत त्या औषधाला तयार झाले. आणि पाच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या, औषधाचा एक कणही न घेतलेल्या, कुटुंबाच्या पोटातही तसलेच जंतू शेजाऱ्यांच्या मानाने कितीतरी अधिक प्रमाणात आढळू लागले. फ्लेमिंग ह्यांच्या गोष्टीतल्या पतीने निदान औषध घेतले तरी होते. येथे औषध घेतले कोंबडीने.

* * *

इतके सर्व कळल्यावर जग ताबडतोब सावध झाले असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण पैशाच्या पेटीला पळवाट नेहमी सापडते. माणसांची औषधे नकोत ना? मग जी माणसांना देत नाहीत, अशी देऊ! युरोपात अव्होपार्सिन नावाचे एक प्रतिजैविक ह्याच न्यायाने जनावरांच्या खाद्यात आले. माणसांच्या दवाखान्यात ते कोणी वापरत नव्हते. मात्र त्याचे एक सख्खे भावंड तेथे होते: व्हँकोमायसिन, बाकीची औषधे हरल्यावर डॉक्टर ज्याला हात घालत ते. जो जंतू अव्होपार्सिनला पुरून उरला, तो व्हँकोमायसिनलाही पुरून उरत होता.

डेन्मार्क ह्या चिमुकल्या, डुकरांच्या मांसावर श्रीमंत झालेल्या देशाने १९९४ सालचा हिशेब काढला. माणसांसाठी वर्षभरात वापरलेले व्हँकोमायसिन होते २४ किलो. जनावरांच्या खाद्यात गेलेले अव्होपार्सिन २४,००० किलो. एकास हजार! माणसांचे डॉक्टर चमचा जपून वापरत होते आणि गोठ्यात हौद ओतला जात होता.

१९९५ साली डेन्मार्कने अव्होपार्सिनवर बंदी घातली. माणसे, जनावरे आणि मांस ह्यांतल्या जंतूंची एकत्र मोजदाद ठेवणारी व्यवस्थाही त्याच वर्षी उभी केली. पुढे तेथल्या पशुपालकांनी आपण होऊन वजन वाढवण्यासाठीची सारीच प्रतिजैविके सोडली. परिणाम मोजून पाहण्यासारखा आहे. कोंबड्यांतल्या एका विशिष्ट आतड्यातल्या जंतूपैकी १९९५ मध्ये शेकडा ७२ हून अधिक जंतू ह्या औषधांना दाद देत नव्हते. २००० सालापर्यंत ते प्रमाण शेकडा ६ च्या आत आले. म्हणजे चाळण थांबवली, की गणंगांचे राज्य ओसरते. डुकरांत मात्र ते लवकर ओसरेना. शोध घेता असे दिसले, की डुकरांना टायलोसिन हे दुसरेच औषध मिळत होते आणि त्याच्यावरची युक्ती व पहिल्या औषधावरची युक्ती एकाच चिठ्ठीवर होत्या! टायलोसिन थांबल्यावरच डुकरांतले प्रमाणही उतरले. जपानात १९५५ साली जे कोडे पडले होते, त्याचा धडा डेन्मार्कच्या गोठ्यात पुन्हा गिरवला गेला. २००६ च्या आरंभापासून सबंध युरोपीय संघात वजनवाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद झाले.

नॉर्वेची गोष्ट ह्याहून आनंदाची. तेथे समुद्रात जाळ्यांच्या पिंजऱ्यांतून सॅमन मासे पाळतात. १९८७ साली त्यांच्या रोगांवर सुमारे ५० टन प्रतिजैविके पाण्यात गेली. मग माशांसाठी चांगल्या लसी निघाल्या, एकेका माशाला टोचल्या जाऊ लागल्या आणि काही वर्षांतच औषधाचा वापर एखाद्या टनाच्या घरात आला. माशांचे उत्पादन मात्र अनेक पटींनी वाढले. आजारच टळला, तर औषध लागतेच कशाला? हे साधे उत्तर आहे आणि माणसांच्या बाबतीतही ते तितकेच लागू आहे. स्वच्छ पाणी, शौचालये, लसी आणि दवाखान्यात हात धुणारे डॉक्टर व परिचारिका, ह्यांनी जेवढी प्रतिजैविके वाचतील, तेवढी कोणत्याही कायद्याने वाचणार नाहीत.

* * *

राहिली नदी. तिची गोष्ट आपल्या जवळची आहे.

हैदराबादच्या आसपास औषधांचे मूळ घटक तयार करणारे अनेक कारखाने उभे राहिले. त्यांतल्या सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी पाटणचेरू येथे एका सामायिक केंद्रात शुद्ध होण्यासाठी येत होते. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी त्या केंद्रातून बाहेर पडणारे, म्हणजे शुद्ध केलेले, पाणी तपासले आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिप्रोफ्लॉक्सासिन ह्या प्रतिजैविकाचे प्रमाण त्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तात ते असते त्याहूनही अधिक! एका दिवसात जेवढे सिप्रोफ्लॉक्सासिन तेथून वाहून जात होते, तेवढे ९० लाख वस्तीच्या स्वीडनला पाच दिवस पुरले असते. ऑक्सफर्डचा तो पोलीस शिपाई वाचकांना आठवत असेल. त्याच्या लघवीतून औषध परत मिळवण्यासाठी माणसे सायकली हाणत होती. येथे नाल्याला औषधाचा पूर आला होता आणि नाल्यातला प्रत्येक जंतू रात्रंदिवस चाळला जात होता.

तो नाला पुढे नक्कावागूतून मांजरा नदीला मिळतो. मांजरा म्हणजे आपलीच मांजरा. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावून लातूरची तहान भागवत पुढे तेलंगणात उतरणारी, आणि शेवटी गोदावरीला मिळणारी. आपल्या बाजूचे पाणी पाटणचेरूच्या आधीचे, म्हणून लातूरकरांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण नदी नकाशावरच्या रेघांना ओळखत नाही आणि जंतू तर त्याहून नाही.

नियमांची कथा मात्र अजून अपुरी आहे. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविके किती असावीत, ह्यावर मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने २०२० च्या जानेवारीत काढला होता. २०२१ साली अंतिम नियम आले, तेव्हा त्यांत त्या मर्यादा नव्हत्या. २०२४ च्या सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने अशा सांडपाण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रस्ता दाखवला गेला आहे. चालणे बाकी आहे.

आणि चालले, तर काय होते, हे चीनने दाखवले. कोलिस्टिन हे १९५० च्या सुमारास जपानात सापडलेले जुने औषध. मूत्रपिंडांना ते बाधते, म्हणून माणसांच्या डॉक्टरांनी टाकून दिले आणि ते गोठ्यात गेले. पुढे नवी औषधे एकामागून एक हरू लागली, तेव्हा डॉक्टरांना अडगळीतल्या ह्या जुन्या तलवारीची आठवण झाली आणि अखेरचा उपाय म्हणून त्यांनी ती पुन्हा उपसली. पण दरम्यान तिची धार गोठ्यात गेली होती. २०१५ च्या नोव्हेंबरात चिनी शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की कोलिस्टिनला निष्प्रभ करणारी चिठ्ठी त्यांना प्रथम डुकरात सापडली. आणि मग शोध घेतला, तेव्हा कत्तलीच्या जनावरांत, बाजारातल्या कच्च्या मांसात आणि थोड्या प्रमाणात रुग्णालयातल्या रोग्यांतही. चीनने २०१७ साली वजनवाढीसाठी कोलिस्टिन देणे बंद केले. दोनतीन वर्षांतच डुकरांतले ह्या चिठ्ठीचे प्रमाण शेकडा ३४ च्या आसपासवरून ५ च्या आसपास आले आणि माणसांच्या पोटातले प्रमाणही निम्म्याहून खाली गेले. भारतानेही १९ जुलै २०१९ रोजी खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनची विक्री आणि वापर बंद केला. मधल्या काळात, १ मार्च २०१४ पासून, अनेक महत्त्वाची प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवावी, असा नियमही आपल्याकडे अमलात आलेला आहे. तो किती पाळला जातो, हे प्रत्येकाला आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानावरून ठाऊक आहे.

हा सर्व खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. फ्लेमिंग ह्यांच्या गोष्टीतली ती बाई कल्पित होती. एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे २०१९ ह्या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळेच मेलेली माणसे १२ लाख ७० हजार होती. त्यांतल्या पुष्कळांनी मनाने औषध घेतले नव्हते, कोंबड्या पाळल्या नव्हत्या, कारखाने काढले नव्हते. बाळंतीण, शस्त्रक्रियेनंतरचा रोगी, कर्करोगावर उपचार घेणारा, दोन दिवसांचे अर्भक: ज्यांचा जीव प्रतिजैविकाच्या आधारावर तोललेला असतो, तीच ही माणसे. आधुनिक रुग्णालयाच्या भिंती विटांच्या असल्या, तरी छप्पर ह्या औषधांचे आहे.

म्हणून फ्लेमिंग ह्यांचा प्रश्न आज पुन्हा विचारला, तर एका पतिराजाकडे बोट दाखवून भागत नाही. खाद्यात चिमूट टाकणारा, नाल्यात हौद रिकामा करणारा, चिठ्ठीवाचून विकणारा आणि सर्दीपडशाला विषाणूंवर न चालणारे औषध डॉक्टरांकडे हट्टाने मागणारा, असे आपण सगळेच त्या घरात राहतो. समाधानाची गोष्ट एवढीच, की त्या घरातल्या एकाने हात आवरला, तर त्याचा फायदा दुसऱ्याला मिळतो. चीनमधल्या डुकरांच्या खाद्यातून औषध गेले आणि माणसांच्या पोटातले जंतू बदलले. हे मोजून पाहिलेले आहे.

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या खणातून मागच्या पावसाळ्यातल्या चार कॅप्सूल निघतीलच. पुढच्या तापासाठी त्या जपून ठेवू नयेत, शेजाऱ्याला देऊ नयेत, मोरीत तर मुळीच टाकू नयेत. औषधाच्या दुकानदाराला त्या परत घेतो का, हे विचारावे. आणि पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, की ह्या तापाला अँटिबायॉटिक लागत नाही, तर त्यांनी काही कमी केले, असे समजू नये. त्यांनी ते औषध कोणासाठी तरी जपून ठेवले आहे. तो कोणी आपल्याच घरातला असेल.